वरातीमागून घोडे

वन्यप्राणी सप्ताह दर ऑक्टोबरात येतो. २ तारखेला सुरू होतो आणि ८ तारखेला संपतो. शाळाशाळांतून चित्रस्पर्धा होतात, मुले पट्टे ओढून वाघ रंगवतात, पाहुण्यांचे भाषण होते. त्या भाषणात एक वाक्य हमखास असते : 'वन्यजीव रक्षणाचा आपला कायदा जगातल्या कडक कायद्यांपैकी एक आहे.' टाळ्या पडतात आणि चहा येतो. शिक्षकी पेशातल्या माणसाला हे वाक्य इतक्यांदा ऐकावे लागते, की शेवटी त्याला प्रश्न पडतो : कायदा एवढा कडक, तर जनावरे गेली कुठे?

हा प्रश्न मी आज जाहीरपणे विचारीत आहे, आणि उत्तरही देणार आहे. आपल्या देशात वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा बहुतेक वेळा वरातीमागून घोड्यासारखा आला. एकदा मात्र घोडे वरातीच्या पुढे निघाले होते. ते आपल्याच जिल्ह्याच्या जंगलाशी संबंधित आहे, आणि तेही आपण वाया घालवायच्या बेतात आहोत. म्हणून हा लेखनप्रपंच.

कायद्याची गोष्ट जुनी आहे. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य पशुपक्ष्यांची यादीच कोरून ठेवली होती. पुढे राजेरजवाड्यांनी राने राखली, पण ती कोणासाठी? याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. बऱ्हाणपूरला तापीपलीकडे जैनाबादेत आहुखाना आहे. आहू म्हणजे हरीण. १६३१ साली मुमताज महलचे शव काही महिने तिथे ठेवले होते, म्हणून पर्यटक तिथे जातात आणि हळहळतात. पण ती जागा मुळात मोगल शाहजाद्यांच्या शिकारीची. तिथल्या हरणाला अभय होते ते शाहजाद्याचा बाण सुटेपर्यंत! रक्षण शिकाऱ्यासाठी, ही आपल्या वन्यजीव-कायद्याची पहिली पायरी. इंग्रज आले तरी ती बदलली नाही.

इंग्रजांनी १८७९ मध्ये हत्तींच्या रक्षणाचा कायदा केला, कारण सरकारला ओझी वाहायला आणि लाकडे ओढायला हत्ती हवे होते. अकबराच्या काळी नर्मदाकाठच्या हंडिया, बीजागड या मुलखात रानहत्ती असल्याची नोंद 'आइन-इ-अकबरी'त आहे. कायदा आला तेव्हा आपल्याकडे रक्षण करायला हत्तीच उरला नव्हता. १८८७ मध्ये रानपक्ष्यांचा कायदा झाला. त्याची मजल विणीच्या हंगामात पक्षी विकू नयेत एवढ्यापुरती, आणि तीही नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीत. १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांसाठी शिकारबंदीचे महिने ठरवण्याची सोय केली. त्याच्या यादीत माळढोक होता, मोर होता, हरणे होती. वाघ नव्हता! वाघ मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत होते. घुबडाचे तर नावच नको. ज्याची शिकार साहेबाला प्रिय, त्याचेच रक्षण.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? चित्ता गेला. कोरियाच्या महाराजांनी १९४७ मध्ये मारलेले तीन चित्ते हे या देशातले अखेरचे नोंदलेले चित्ते मानले जातात. त्या वेळी कोरिया संस्थान होते, पुढे ते मध्य प्रदेशात आले आणि आज छत्तीसगडात आहे. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम झाला आणि चित्त्याचे नाव पहिल्या अनुसूचीत सन्मानाने दाखल झाले. मेलेल्या माणसाच्या नावाने रेशनकार्ड काढण्यातलाच हा प्रकार. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोला विमानाने आणले, तेव्हा केवढा सोहळा झाला! एक प्राणी राखायला काय लागले असते आणि तो परत आणायला काय लागले, याचा हिशेब एखाद्या गणिताच्या शिक्षकाने मुलांना घालावा.

कायद्याने काहीच केले नाही, असे कोणी माझ्या तोंडी घालू नये. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपल्या शेजारचा मेळघाट होता, तसाच कान्हाही होता. १९७२ च्या गणतीत देशात १,८२७ वाघ मोजले गेले होते, २०२२ चा अंदाज ३,६८२ चा आहे. मोजण्याच्या रीती बदलल्या हे धरूनही, वाघ वाचला हे सत्य आहे. बंदुकीपुरता हा कायदा खरोखर जबर आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर तीन ते सात वर्षे कैद. पण आज जनावर मरते ते बहुतांशी बंदुकीने नव्हे, कुऱ्हाडीने. कुऱ्हाड जनावरावर पडत नाही, त्याच्या घरावर पडते, आणि तिथे हा जबर कायदा नकाशावरची कुंपणे शोधू लागतो.

आता त्या वरातीपुढच्या घोड्याची गोष्ट.

पिंगळा कोणाला ठाऊक नाही? गावकुसाबाहेरच्या चिंचेवर, पडक्या भिंतीच्या भोकात राहणारे ते ठेंगणे, ठिपक्याठिपक्यांचे घुबड. त्याचेच नाव घेऊन पहाटे दारावर येणारा, भविष्य सांगणारा पिंगळा जोशी आपल्या आजीने सुपातून धान्य घालून वाटेला लावला असेल. या गावपिंगळ्याचा एक चुलतभाऊ आहे, रानपिंगळा. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरे, नख्या दणकट. हा घुबड असून भरदिवसा शिकार करतो. सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर बसून तो सरड्या-उंदरांवर नजर ठेवतो. घरटे करतो जुन्या झाडाच्या ढोलीत.

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट या इंग्रजाला हा पक्षी आजच्या छत्तीसगडाच्या भागात मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. होय, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूमसाहेब. नंतर खानदेशात नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादा-तळोद्याच्या रानात आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. मध्यंतरी रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या बड्या पक्षितज्ज्ञाने सांगितले, की १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपल्याला एक रानपिंगळा मिळाला. चिठ्ठी त्याच्या हातची, नाव मोठे. शंका कोण घेणार? पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने नमुने तपासून सिद्ध केले, की तो पक्षी डेव्हिडसनच्याच संग्रहातला. चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि वर खोटी चिठ्ठी लावलेला. कागदावरच्या एका लबाडीने पुढच्या शोधकांना चुकीच्या रानात फिरवले. रासमुसेन व त्यांचे सहकारी खोटी चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या जागी गेले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल एकशे तेरा वर्षांनी!

आता गंमत पाहा. १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, पक्ष्यांच्या यादीत, हा रानपिंगळा होता. जिवंत माणसांपैकी ज्याला कोणी पाहिलेले नाही अशा पक्ष्याला कायद्याने वाघाच्या पंक्तीला बसवले होते. यादी करणाऱ्यांच्या दूरदृष्टीला हात जोडावेत. पक्षी सापडला तेव्हा कायदा दारात उभा होता. घोडे वरातीच्या पुढे आले होते ते हे असे!

आणि वरात निघाली कुठून? तर आपल्या दारातून. पुनर्शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पाहणी केली. तिच्यात तोरणमाळ, मेळघाट यांच्या जोडीला नाव निघाले खकनारचे. आपल्या बऱ्हाणपूरच्या खकनारचे! त्या वेळी बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा नव्हता, खंडव्यात होता. जगात जो पक्षी मोजक्या ठिकाणी उरला, तो आपल्या तहसिलीच्या सागवनात नांदत होता. शाहपुरातल्या किती घरांत ही बातमी पोचली? वाचकहो, तुम्ही हे आज प्रथम वाचत असाल, तर तो दोष तुमचा नाही. ज्या कायद्याने त्या पक्ष्याला अभय दिले, तो कायदाच आपल्याशी बोलत नाही.

खकनारचे रान अभयारण्य नव्हते, साधे सरकारी जंगल होते. कायद्याने पक्षी मारायला बंदी घातली होती, पण त्याची ढोल असलेला जुना साग तोडायचा की ठेवायचा हा हिशेब वेगळ्या खात्याचा आणि वेगळ्या फायलीचा. रानपिंगळ्याला ढोली लागतात. ढोली जुन्या, वाकड्या, अर्धवट सुकलेल्या झाडांना असतात. लाकडाच्या व्यापारात असे झाड 'निकामी', म्हणून आधी तेच जाते. पुढे २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या बाजूला, घाघरला परिसरात जे घडले ते सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. अतिक्रमणासाठी टोळ्यांनी उभे जंगल आडवे केले. वनखात्याच्या माणसांवर हल्ले झाले. एप्रिल २०२३ मध्ये नेपानगरच्या पोलीस ठाण्यावर जमाव चालून गेला आणि आरोपी सोडवून नेले. या तोडीत कोणी रानपिंगळ्यावर गोळी झाडली नाही. म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या लेखी त्याचे काही बिघडले नाही!

इथे दोन आवाज उठतात. पहिला म्हणतो, 'घुबडासाठी माणसे उपाशी ठेवायची काय?' दुसरा म्हणतो, 'आदिवासींना हाकला, कायदा आणखी कडक करा.' दोघेही आपापल्या परीने हुशार आहेत, आणि माझ्या मते दोघेही चुकतात.

आधी दुसऱ्याला उत्तर. कडकपणाचा प्रयोग आपण करून पाहिला आहे, तोही आपल्या दोन्ही राज्यांत. महाराष्ट्राने माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगरकडे अभयारण्य केले, ८,४९६ चौरस किलोमीटरचे. गावे, शेते, बाजारपेठा, सगळे त्याच्या पोटात. जमिनीचा व्यवहार करायचा तर अडचण. लोकांनी पक्ष्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. अखेर न्यायालयापर्यंत जाऊन ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. मध्य प्रदेशाने १९८१ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात करेरा अभयारण्य केले. तिथेही तीच कथा. शेतकऱ्याला वाटले, पक्षी गेला तर जमीन सुटेल. पक्षी गेला, आणि २०२२ मध्ये अभयारण्यही रद्द झाले. लोकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून पक्षी वाचत नाही, हा धडा आपण एवढी किंमत मोजून शिकलो आहोत. १८७८ च्या वनकायद्यापासून कोरकू आणि भिल्लांना त्यांच्याच रानात चोर ठरवण्यात आले. ज्याला दीडशे वर्षे चोर म्हटले, त्याने राखणदार व्हावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तरीही तो झाला, हे विसरू नका. घाघरल्याच्या तोडीविरुद्ध तक्रारी करणाऱ्यांत, २०२३ मध्ये जिल्हा कचेरीसमोर धरणे धरणाऱ्यांत इथले आदिवासी होते. आपण केळीवाले, आपण शिकलेसवरलेले, त्या वेळी कुठे होतो?

आता पहिल्याला उत्तर. घुबड की माणूस हा झगडा खोटा आहे. सातपुड्याचे डोंगर बोडके झाले, तर पावसाचे पाणी मुरायचे कुठे? आपल्या विहिरी दर उन्हाळ्यात किती खोल जातात ते प्रत्येक केळी-बागायतदाराला ठाऊक आहे. नळीवर नळी जोडून तो थकला आहे. रानपिंगळ्याचा जुना साग आणि आपली विहीर एकाच डोंगराच्या दोन टोकांना आहेत. मोह, तेंदूपत्ता, चारोळी यांवर जगणाऱ्या घराचे तर काही विचारूच नका. तोडीने पोट भरते ते दोन हंगाम. तिसऱ्या हंगामाला माती वाहून गेलेली असते.

मग करायचे काय? शिक्षकाला फळ्यावर उत्तर लिहून दाखवावे लागते, नुसते रागावून चालत नाही. मी तीन गोष्टी मांडतो.

पहिली. कायदा सरहद्दीवर अर्धा होतो, तो पुरा करा. १९७२ चा कायदा झाला तेव्हा वन्यजीव हा राज्यांचा विषय होता. म्हणून अकरा राज्यांनी ठराव केले तेव्हा कुठे संसदेला तो करता आला. त्या अकरांत मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. महाराष्ट्राने तो नंतर स्वीकारला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यजीव समवर्ती सूचीत आले, म्हणजे कागदोपत्री हद्द पुसली गेली. पण नकाशे अजून दोन आहेत, फायली दोन आहेत. वाघ डोलारखेड्याच्या केळीत उतरतो तेव्हा तो इच्छापूरच्या नाक्यावर पावती फाडत नाही. महाराष्ट्राने त्या बाजूला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र केले. मेळघाट, खकनार, मुक्ताई-भवानी, यावल ही एकाच सातपुड्याची राने आहेत. त्यांचा आराखडा दोन्ही राज्यांनी एका टेबलावर बसून करावा. वनखात्यांना हे अशक्य नाही. इच्छा हवी.

दुसरी. राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, तो तिला सांगा. २००६ च्या वनहक्क कायद्याची चर्चा होते ती पट्ट्यांपुरती. त्याच कायद्याचे पाचवे कलम हक्कधारकांना आणि ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपले रान आपण सांभाळून दाखवले. मेळघाटाच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाने २०१२ मध्ये हक्क मिळवून ओसाड टेकडी पुन्हा हिरवी केली. ही गावे परदेशात नाहीत. आपल्या सोयरिकीतली आहेत. जे तिथे झाले ते खकनार-नेपानगरला का होऊ नये? मात्र १३ डिसेंबर २००५ नंतरची नवी तोड ही तोडच आहे, तिला हक्काचे नाव देऊ नये, हेही त्याच ग्रामसभेत ठणकावून सांगावे लागेल. ते गावानेच सांगितले तर पटेल. बाहेरून गेलेल्या साहेबाने सांगून पटणार नाही.

तिसरी, आणि ती सर्वस्वी आपल्या हातातली. कायद्याला आपली भाषा शिकवा. हा कायदा इंग्रजीत लिहिला गेला, कचेरीत तो हिंदीत येतो, आपण घरात मराठी बोलतो आणि जंगलातले घर कोरकू किंवा बारेली बोलते. नाकेदार 'मुआवजा' म्हणतो, जळगावचा पाहुणा 'नुकसानभरपाई' म्हणतो, आणि ज्याची गाय बिबट्याने मारली त्याला दोन्ही शब्दांतले काही मिळत नाही, कारण कुठला कागद किती दिवसांत द्यायचा हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. सरहद्दीवर राहणाऱ्या आपल्या लोकांना दोन भाषा येतात, याचा आपण लग्नसराईत आणि राजकारणात फार उपयोग करतो. तो इथे करा. कायद्याची दहा कलमे मराठी, हिंदी आणि कोरकूत सोप्या वाक्यांत लिहायला विद्यापीठ लागत नाही. दोन शिक्षक आणि एक जाणता गावकरी पुरतो. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितोच ना आपण? त्याच्या शेजारी रानपिंगळ्याचे चित्र आणि त्याचे तीनही भाषांतले नाव असू दे. वाघ रंगवणाऱ्या मुलाला आपल्याच तहसिलीतला, जगभर दुर्मीळ असलेला पक्षी ओळखता येऊ नये, ही शाळेची नामुष्की आहे आणि मी तिच्या बाहेर नाही.

जाता जाता दिवाळीविषयी. याच दिवसांत, याच अमावास्येला, देशात ठिकठिकाणी घुबडे पकडली जातात, विकली जातात आणि मांत्रिकाच्या सांगण्यावरून कापली जातात. लक्ष्मी घरात यावी म्हणून तिचे वाहन मारायचे! या धंद्याला बंदी आहे, वनखाती दरवर्षी सावधगिरीचे आदेश काढतात, आणि तरी बाजार चालतो, कारण गिऱ्हाईक आपल्यातलेच असते. जंगल वाचवायला दोन सरकारे आणि शंभर ग्रामसभा लागतील. हा व्यवहार बंद करायला एवढे काही लागत नाही. अंगणात रांगोळी घालणाऱ्या घराने, कोणी असा 'उपाय' सुचवलाच, तर त्याला दाराबाहेर काढावे आणि वनखात्याला कळवावे.

आंतरराष्ट्रीय यादीत रानपिंगळा बरीच वर्षे 'अतिसंकटग्रस्त' होता. नव्या नव्या ठिकाणी सापडल्यामुळे २०१८ मध्ये तो 'संकटग्रस्त' झाला. २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसात आणि नंतर गुजरातेत डांगच्या बाजूलाही तो दिसला. तरी प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. म्हणजे अजून वेळ आहे. चित्त्याच्या वेळी ती नव्हती, हत्तीच्या वेळी नव्हती. आपल्या खकनारच्या पिंगळ्याच्या बाबतीत ती आहे. येत्या वन्यप्राणी सप्ताहात पाहुण्यांनी कडक कायद्याचे ते वाक्य उच्चारले, की टाळी वाजवण्याआधी एखाद्या पालकाने उठून एवढेच विचारावे : 'साहेब, खकनारच्या रानातली ढोलीची जुनी झाडे कोण मोजतो आहे?'